कागदातला मधला परिच्छेद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, रविवारी विहारात माझ्या शेजारी बसणाऱ्या बायांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाही — आणि ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ कुठे वळते ते मला चांगलं ठाऊक आहे. संध्याकाळी गाय आपोआप गोठ्याकडे वळते ना, तशी ती खोट्याकडे वळते. हाकावं लागत नाही.

सोप्यापासून सुरुवात करू का? मी केसांना कलप लावत असे.

हसलात ना? हसा. मलाही हसू येतं. पण मी म्युनिसिपालिटीच्या शाळेतली मास्तरीण, आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेली पहिली सून, आणि कलप तेव्हा नाटकातल्या बाया लावतात असं समजलं जाई. एकोणचाळीस वर्षांची होते. सीताबर्डीच्या बसमध्ये उभी होते आणि कंडक्टर म्हणाला, "ओ आजी, समोर सरका जी." मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. पुढच्याच थांब्यावर उतरले, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा औषधांच्या दुकानात शिरले आणि म्हटलं, साहेबांसाठी हवाय. आमचे साहेब कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि त्यांच्या डोक्यावर तेव्हा मोजून वीस केस असतील.

लावत होते ते लावत होते, पण वर गप्प बसले असते तर निभलं असतं. बायांनी विचारलं, बाई, तुमचे केस इतके काळे कसे? मी म्हटलं, तेल. माका, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता, तिळाच्या तेलात मंद आचेवर. हे तेल कुणी सांगितलं? कन्हानच्या एका म्हाताऱ्या वैदूबाईनं. अशी बाई नव्हतीच. मी तिला जन्माला घातलं, एक अधू डोळा दिला, नदीकाठी झोपडी बांधून दिली. पुढे बाया म्हणू लागल्या, आम्हालाही घेऊन चला. तेव्हा एका उन्हाळ्यात मी तिला मारून टाकलं. विहारात चारजणी हळहळल्या. एकीनं डोळे पुसले.

त्याच विहारात दर रविवारी आम्ही पंचशील म्हणत असू. दीक्षा घेतली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, पाचही शीलं मी एका दिवसात पाठ केली होती. चौथं खोटं न बोलण्याचं. कलप सुरू झाल्यापासून चौथ्याला माझा आवाज जरा खाली येत असे, आणि पाचव्याला, दारूच्या, पुन्हा चढत असे. दारूच्या बाबतीत माझी बाजू भक्कम होती.

पण हे सगळं सांगायला मी बसलेली नाही. कलप काय, कन्हानची म्हातारी काय. या गमतीच्या गोष्टी झाल्या, आणि गमतीच्या गोष्टींच्या आड उभं राहायची मला सवय आहे. पुढे जाते.

माझी नणंद सुगंधा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. विसाव्या वर्षी तिचा नवरा गेला आणि ती भावाकडे आली, म्हणजे माझ्या घरात. तेव्हापासून ती आमच्या स्वयंपाकघरातच राहिली — राहिली म्हणजे झोपायची जागाही तीच. सकाळी स्वयंपाक, मग दिवसभर विड्या वळायच्या आणि गुरुवारी दुपारी त्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. मी शाळेत जाऊन मास्तरीण झाले ती तिच्या भाकरीवर. हे मी शाळेतल्या कुठल्याही भाषणात कधी बोलले नाही.

तिचे केस चाळिशीआधीच पांढरे झाले होते. पाठ वाकली होती. एकदा शाळेतल्या एक बाई घरी आल्या आणि सुगंधाला माझी सासू समजल्या. मी त्यांची चूक दुरुस्त केली. लगेच नाही. दोन घोट चहा झाल्यावर.

दर तिसऱ्या गुरुवारी ती कारखान्यात गेली की मी न्हाणीचं दार लावून घेई. फुटकी बशी, जुना टूथब्रश, एक काळा पडलेला टॉवेल. ती परत आली की विचारी, हा वास कायचा वं? मी म्हणे, फिनाईलचा. आमच्या न्हाणीइतकी स्वच्छ न्हाणी त्या काळी अख्ख्या नागपुरात नसेल.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्यावर पुढचं सगळं टेकलेलं आहे. मी पहिल्यांदा जो कलप आणला, त्याच्या डब्यावर मोराचं चित्र होतं. आत एक कागद होता, इंग्रजीत, तीन परिच्छेद. मास्तरीणच ती — तिन्ही वाचले, अडलं तिथे कोश काढला. पहिल्यात लिहिलं होतं, कसा कालवायचा. तिसऱ्यात, कसा धुवायचा. मधल्यात लिहिलं होतं की आधी कानामागे एक ठिपका लावा, एक दिवस आणि एक रात्र थांबा. खाज आली, सूज आली, तर हा कलप डोक्याला लावूच नका. मी ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी कानामागे बोराएवढी गाठ, वर पाणी सुटलेलं. सुगंधानं पाहिलं. मी म्हटलं, गांधीलमाशी चावली. चार दिवस तिनं हळद उगाळून लावली. एवढ्यावर थांबली नाही. अंगणातल्या कडुनिंबावर गांधीलमाश्यांचं पोळं होतं, ते बांबूला रॉकेलचा बोळा बांधून तिनं जाळलं. त्या माश्यांचा काहीही दोष नव्हता. मी तो डबा नाल्यात टाकला आणि दुसऱ्या बनावटीचा आणला. तो मला सोसला.

आता ऐका.

सुगंधा चव्वेचाळीस वर्षांची असताना तिला सांगून आलं. भिवापूरचे एक पोस्टमन, पन्नाशीचे, बायको वारलेली, दोन्ही मुलींची लग्नं झालेली. आमच्या लोकांत दुसऱ्या लग्नाचं कुणाला वावडं नाही, पण चोवीस वर्षांत तिच्यासाठी कुणी खटपटच केली नव्हती. का केली नव्हती? भाकरी कोण भाजणार होतं? — असो. ह्यांच्या गिरणीतल्या एका सोबत्यानं सोयरीक आणली आणि वय अडतीस सांगून मोकळा झाला. रविवारी सकाळच्या मोटारीनं पाहुणे येणार, पोस्टमन आणि त्यांची बहीण.

मी तिला सहज विचारलं, तुला जायचंय का गं खरंच? ती भाजी चिरत होती. म्हणाली, "वहिनी, चोवीस साल मी तुह्या अंदाजानं मीठ टाकलं. एक डाव मले माह्या अंदाजानं टाकून पाहाचं हाय."

एवढंच तिला हवं होतं. मी ते ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा, मी ते ऐकलं होतं.

शनिवारी दुपारी मी शाळेतून आले तर ती न्हाणीच्या पायरीवर बसलेली, मांडीवर डबा. विड्या वळणाऱ्या कुणा सोबतिणीनं इतवारीच्या बाजारातून आणून दिला होता. डब्यावर मोर.

"अडतीस सांगतलं ना तुमच्या माणसानं," ती म्हणाली. "आता हे डोस्कं कोणती शाळा शिकवून अडतीसचं करू? आन् तुह्या तेलानं तं माह्ये केस आयकत नाईत. नशीब लागते त्यालेही."

तिनं बाटलीचं बूच काढलं आणि नाकाशी नेलं. तशीच थांबली.

"वहिनी, हा वास तं आपल्या न्हाणीत राहते ना वं? गुरुवारी, कारखान्यातून आली का."

"फिनाईलचाही असाच असतो," मी म्हटलं.

"हो का," ती म्हणाली, आणि कागद माझ्या हातात दिला. "इंग्रजीत हाय. वाचून दे."

मला तो कागद वाचायची गरजच नव्हती. मला तो पाठ होता.

पहिला परिच्छेद मी वाचून सांगितला. ती बोटांवर मापं मोजत होती. मग मधला आला. तुम्हाला वाटेल एका क्षणात माणूस काय काय विचार करणार? सगळा करतो. वास तिनं ओळखला होता. आता मी म्हणणार, कानामागे लाव, गाठ येते का पाहा — आणि ती म्हणणार, वहिनी, तुह्या कानामागं आली होती तशी? त्या गाठीवर तिनंच हळद लावली होती. वास, गाठ, माझे केस — तीन टोकं तिच्या हातात, फक्त गाठ मारायची बाकी. माझी कन्हानची म्हातारी, माझं तेल, विहारातलं माझं नाव, सगळं त्या पायरीवर उघडं पडणार होतं. आणि कुणासमोर? शेजारीण असती तर एखादा दिवस तोंड लपवलं असतं. सुगंधा जन्मभर समोर.

आणि दिवस-रात्र थांबायला सांगितलं असतं तर रविवार हातचा गेला असता, म्हणून मी गप्प राहिले — हे कारण मी पुढे बरीच वर्षं स्वतःला देत होते. छान कारण आहे. खोटं आहे. रविवार तिच्या मनात होता, माझ्या नाही. माझ्या मनात फक्त मी होते.

मी तिसरा परिच्छेद वाचला. कोमट पाण्यानं धुवा.

"अजून काई लिवलं हाय का?" तिनं विचारलं.

"नाही. बस, एवढंच."

कागदाची घडी घालून मी पर्समध्ये टाकली आणि विहारात सतरंज्या मोजायच्या आहेत म्हणून बाहेर पडले. सतरंज्या नऊ होत्या. मी त्या चार वेळा मोजल्या.

परत आले तेव्हा ती अंगणात केस वाळवत बसली होती. काय सांगू? वीस वर्षं कुणीतरी तिच्या अंगावरून धुऊन काढली होती. तिचं कपाळ एवढं रुंद आहे, भुवया अशा रेखीव आहेत, हे मला माहीतच नव्हतं. हातात माझाच आरसा. "कशी दिसून राहिली वं मी?" — आणि हे विचारताना दुसऱ्या हातानं ती मानेवर खाजवत होती.

मी पाहिलं. मला कळलं. अजून वेळ होता हो. साबणानं खसाखसा धू म्हणायला अजून वेळ होता.

"खाजून राहिलं जरासं," ती म्हणाली.

"नवीन आहे. होतं तसं," मी म्हटलं. जिनं जन्मात कधी कलप लावला नाही तिला हे कसं ठाऊक, असं तिनं विचारलं नाही.

रविवारी सकाळी तिचे डोळे उघडत नव्हते. पापण्या फुगून गालाला टेकल्या होत्या, कपाळ चकाकत होतं, दोन्ही कानांमागून पाणी गळत होतं. ती रडतही नव्हती. रडायला डोळा तर उघडायला हवा. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, मले त्यायच्या समोर नेऊ नका.

दहाच्या सुमाराला पाहुणे आले. पोस्टमन उंच, शांत, गांधी टोपी घातलेले. घरच्या भिवापुरी मिरच्यांची पिशवी आणली होती. मी म्हटलं, सुगंधाला एकाएकी ताप भरला. हे खोटं तर आता मला खोटंही वाटत नव्हतं. ते म्हणाले, काही हरकत नाही, दोनची मोटार आहे, बसतो. बसले. पोहे खाल्ले, चहा घेतला, ह्यांच्याशी गिरणीच्या गोष्टी केल्या. बोलता बोलता टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोकं कापसासारखं पांढरं.

"निंगताना बहीण म्हणे, कलप लावून घे," ते हसून म्हणाले. "मी म्हटलं, ज्या घरी जन्माचं नातं जोडाले चाललो तेथी खोटं डोस्कं घेऊन काहून जाव?"

आमची आतली खोली म्हणजे मध्ये एक फळ्यांची भिंत. तिनं ते ऐकलं.

दुपारी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर माझ्यावरच रागावले. "कानामागं लावून पाहाचं असते बाई. कागदावर लिहिलेलं राहते. कोणी वाचला नाही का?"

मी तोंड उघडायच्या आत, सुजलेल्या तोंडानं सुगंधा म्हणाली, "आमच्या कागदात नव्हतं जी. माह्या वहिनीनं वाचला. मास्तरीण हाय ते."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, नव्हतं.

कागद माझ्या पर्समध्ये होता. पर्स माझ्या मांडीवर होती.

पंधरा दिवसांनी सूज उतरली. पोस्टमननं दोनदा निरोप पाठवला, बाईंची तब्येत कशी आहे, पुन्हा केव्हा येऊ. दोन्ही वेळा सुगंधा नको म्हणाली. हे रागावले, मी समजावलं — हो, मी समजावलं, फार कळवळून. तेव्हा ती म्हणाली, "त्या माणसाच्या घरी मी खोटं डोस्कं घेऊन जाऊन राहिली होती, वहिनी. चौथं शील मोडलं, त्याची शिक्षा भेटली. पुन्हा कोणत्या तोंडानं जाऊ? तू पाय. तू कधी खोटं केलं नाई, तुह्ये केस पाय."

बोलायचं होतं तर तिथे बोलायचं होतं. नाही का? तिथे एक वाक्य पुरलं असतं आणि ती कदाचित भिवापूरला गेली असती. पोस्टमननं त्या वर्षी दुसरीकडे लग्न केलं. त्यांच्या मिरच्या आम्ही पोळ्यापर्यंत पुरवल्या. भाजीत मीठ माझ्याच अंदाजाचं होतं.

नंतर सुगंधानं एक नवीनच काम अंगावर घेतलं. माझं ते तेल ती स्वतः कढवू लागली. माका शोधायला नाल्याकाठी जाई. आणि शनिवारी संध्याकाळी मला पुढ्यात बसवून डोक्याला लावून देई. नको म्हणायला मला कारण सापडेना. नऊ वर्षं तिची बोटं माझ्या भांगात फिरत होती. जी बाई भांग पाडून तेल लावते तिला केसांची मुळं दिसतात. मला हे तेव्हाही कळत होतं. मी डोळे मिटून घेत असे.

एका शनिवारी तिची बोटं भांगात थांबली. थोडा वेळ थांबलीच.

"गुरुवार आला वाटते, वहिनी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "कशाचा?"

ती तेल जिरवत राहिली. पण त्यानंतर दर तिसऱ्या गुरुवारी ती कारखान्यातून उशिरा येऊ लागली, आणि निघताना चुलीवर पाण्याचा हंडा ठेवून जाऊ लागली. परतल्यावर वासाबद्दल तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. कागदाबद्दलही नाही. म्हणजे तिला किती कळलं होतं? केसांपुरतं? की कागदाचंही? तिनं माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, पाणीसुद्धा तापवून ठेवलं होतं. मी त्या पाण्यानं केस धुतले.

गेल्या वर्षी ती गेली. तंबाखूच्या धुळीनं छाती पोखरली होती. शेवटच्या आठवड्यात मी तिच्याजवळ एकटीच बसत असे, दुपारच्या दुपार. ती जागी असे. ऐकू येत असे. मी तिला शाळेतल्या गमती सांगितल्या.

ती गेल्यावर मी कलप लावला नाही. तत्त्व वगैरे काही नाही. गुरुवारी न्हाणीत गेले आणि हंडा थंड होता, एवढंच. दोन महिन्यांत डोकं पांढरं झालं. विहारातल्या बाया माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "नणंदेच्या दुखानं केस पिकले बाईचे. एवढी माया आजकाल कोण करते वं?" दुसऱ्या रविवारी एकीनं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. नव्या सुनांना उदाहरण म्हणून.

मी खाली मान घालून बसले होते. त्यांना ते दुःख वाटलं.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटत आला आहे. त्यात तीन परिच्छेद आहेत. मी तिला दोन वाचून दाखवले.